वाचवा, नवीन, जहाज: मराठीत शब्दखेळ रचायचे कसे?

कानामात्रा

वाचवा, नवीन, जहाज, समास, कडक, रबर, नमन. हे सगळे शब्द उलटे वाचले तरी तेच राहतात. अट एकच: उलटायचं ते अक्षर, सुटा वर्ण नव्हे. न-वी-न उलटा केला की न-वी-नच येतो. तोच शब्द न्+अ+व्+ई+न्+अ असा फोडून उलटायला गेलात, तर 'अनीवन' असं काहीतरी निघतं आणि खेळ तिथेच संपतो.

मराठीतल्या बऱ्याच शब्दखेळांत अक्षर हेच एकक असतं. स्वरचिन्ह, अनुस्वार, जोडाक्षर हे सगळं त्या अक्षराला चिकटून त्याच्याबरोबर हलतं. एवढं डोक्यात बसलं की विलोमवाक्यं (उलटी वाचली तरी तीच राहणारी), च-ची भाषा, भेंड्या, बिनकान्याची (काना, मात्रा, वेलांटी नसलेली) वाक्यं ही सगळी रचता येतात, आणि कुठे अडतं तेही आधीच कळतं. धाग्यात नुसत्या याद्या नकोत. कसं रचायचं, काय फसतं आणि का फसतं, ते लिहूया.

विलोमवाक्यापासून सुरुवात करतो. रीत अशी:

१. उलटल्यावर दुसरा अर्थपूर्ण शब्द देणाऱ्या जोड्या गोळा करा. रवी–वीर, सभा–भास, सदा–दास, नदी–दीन, लता–ताल, मका–काम, जरा–राज, वाडा–डावा, काटा–टाका, वारा–रावा, नाका–काना.

२. जोडीतला एक शब्द डावीकडे, दुसरा उजवीकडे ठेवा.

३. मधे एकाक्षरी शब्द बसवा: हा, ही, तो, ती, मी, तू, नि, न, दे, घे, का, की.

रवी हा वीर. सभा हा भास. सदा तो दास. नदी ही दीन. वाडा तो डावा. लता, दे ताल. सगळी पाच अक्षरांची, आणि सगळी काटेकोर. मधलं अक्षर कोणतंही चालतं, कारण त्याला जोडीदार लागत नाही. म्हणूनच लिंग सांभाळायला तिथे मोकळीक मिळते: नदीला 'ही', रवीला 'हा'.

---

उलटसुलट

छान धागा. प्रसिद्ध विलोमवाक्यं या कसोटीवर घासून पाहायला हवीत, कारण सगळी उतरत नाहीत.

"रामाला भाला मारा": रा-मा-ला-भा-ला-मा-रा. शंभर टक्के.

"ती होडी जाडी होती": ती-हो-डी-जा-डी-हो-ती. हेही पक्कं.

"चिमा काय कामाची": पहिलं अक्षर चि, शेवटचं ची. कानाला चालतं, कागदावर नाही.

"भाऊ तळ्यात उभा": इथे भाऊमधला ऊ दीर्घ आणि उभामधला उ ह्रस्व. जुळवून घ्यायला लोक 'ऊभा' लिहितात, पण ते अशुद्ध.

"तो कवी डालडा विकतो": वी आणि वि जुळत नाहीत. पण इथे एक मजा आहे. १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) इकारान्त शब्दही मराठीत दीर्घान्त लिहायचे ठरले, म्हणून आज आपण 'कवी' लिहितो. त्याआधी 'कवि' असं ह्रस्व लिहायची पद्धत होती. तो-क-वि-डा-ल-डा-वि-क-तो. जुन्या लेखनात हे वाक्य अगदी निर्दोष होतं! समासात आजही कविराज, कविसंमेलन असा ह्रस्व टिकून आहे.

यातून रचणाऱ्याला कामाचा नियम मिळतो. मराठी शब्दाचा शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो (नि, आणि यांसारखे अपवाद सोडून). म्हणजे वाक्याच्या शेवटी ई-ऊ आला, तर वाक्याची सुरुवातही दीर्घानेच व्हायला हवी. अशा सुरुवातीला उपयोगी पडणारे शब्द मुख्यतः दोन प्रकारचे: एकाक्षरी (ती, मी, ही, जी, तू) आणि तीर, वीट, फूल, मूल असे अकारान्त, ज्यांत उपान्त्य (शेवटून दुसरा) इकार-उकार दीर्घ असतो. होडीचं वाक्य नेमकं यामुळेच जमलंय. 'होती'तला शेवटचा ती हा स्वतंत्र शब्द म्हणून सुरुवातीला उभा राहतो.

रवी–वीर आणि नदी–दीन या जोड्या जमण्यामागेही हेच आहे. रवी नियमाने दीर्घान्त, आणि वीर तत्सम, त्याचा वी संस्कृतातूनच दीर्घ. दोन वेगळी कारणं एकाच अक्षरावर येऊन भेटतात.

---

निळाई

'आहे'ने संपणारं काटेकोर विलोमवाक्य होऊ शकतं का? रोजच्या बोलण्यातलं वाक्य तसं असतं. वर दिलेली बहुतेक क्रियापदाशिवाय किंवा आज्ञार्थी आहेत.

---

कानामात्रा

निळाई, होतं, आणि फार सोपं आहे. आ-हे उलटवा: हे-आ. म्हणजे वाक्य 'हे' ने सुरू करायचं आणि दुसरा शब्द 'आ'ने सुरू होणारा, दोनच अक्षरांचा घ्यायचा.

हे आत आहे. हे आज आहे. हे आता आहे. हे आठ आहे (पाटीवरच्या आकड्याबद्दल).

आणि जोडाक्षर कुठे बसवायचं याचा नमुना म्हणून: हे आत्ता आहे. हे-आ-त्ता-आ-हे. जोडाक्षराला जुळं शोधणं अवघड, म्हणून ते बरोब्बर मधोमध टाकावं. तळ्यातल्या भाऊच्या वाक्यातही 'ळ्या' मधोमधच आहे.

वाक्य लांबवायचं असेल तर बाहेरून थर चढवा. काका, मामा, दादा, बाबा, नाना हे शब्द स्वतःच उलटसुलट सारखे, आणि हाक मारायला वाक्याच्या दोन्ही टोकांना शोभतात. "काका, वाचवा, काका!" "काका, वाडा तो डावा, काका." "दादा, सभा हा भास, दादा." नातं हाकेत आलं की पुनरुक्ती खटकत नाही, उलट घाई दिसते.

जोडीवर जोडी चढवली तर मात्र अर्थ लवकर सुटतो. "सदा रवी हा वीर दास" अक्षरांनी अचूक आहे, पण 'वीर दास' ओढून आणल्यासारखं वाटतं. दोन जोड्यांच्या पुढे जाताना मी तरी अर्थाला अक्षरापेक्षा वरचढ मानीन. नुसती जुळलेली अक्षरं म्हणजे वाक्य नव्हे.

---

उलटसुलट

थोडी भर. वाक्याचा शेवट ळ किंवा ण च्या अक्षराने करू नका, कारण प्रमाण मराठीत शब्द ळ-ण ने सुरूच होत नाहीत. जवळ, केळी, पाणी, येणे या सगळ्यांना शेवटी बंदी. मधे चालतात. अनुस्वारही तपासा: नंदन हा नयनसारखा दिसतो, पण नं आणि न वेगळे. कंटक तसाच फसवा.

'ला' हे अक्षर हाताशी ठेवा. चतुर्थीचा प्रत्ययही तोच आणि गेला-आला-झालाचा शेवटही तोच, त्यामुळे तो बिजागरीसारखा मधे वापरता येतो. रामाला भाला या जागी ला-भा-ला हीच बिजागरी आहे.

---

रानवारा

विलोमवाक्यं मुद्दाम रचावी लागतात. प्रतिध्वनी शब्द मात्र आपण दिवसभर नकळत बनवतो, आणि त्यांचे नियम तितकेच कडक आहेत.

नियम: शब्दाचं पहिलं अक्षर काढा, जागी 'बि' ठेवा. पुस्तक-बिस्तक, नोकरी-बिकरी, खुर्ची-बिर्ची, परीक्षा-बिरीक्षा. पहिलं अक्षर जोडाक्षर असेल तर ते अख्खं जातं: प्रवास-बिवास. स्वर असेल तर तोही जातो: अभ्यास-बिभ्यास. काढलेल्या अक्षराला काना होता की मात्रा, याने फरक पडत नाही.

ह्रस्व-दीर्घाचं उलटसुलट यांनी सांगितलेलं प्रकरण इथेही येतं. दोन अक्षरी अकारान्त शब्दात हा बि उपान्त्य होतो आणि दीर्घ उच्चारला जातो: घर-बीर, काम-बीम, फळ-बीळ. सामान्यरूप झालं की पुन्हा ह्रस्व: घराबिराचं, कामाबिमाला. गरीब-गरिबाला हाच नियम इथे एका निरर्थक शब्दालाही लागू पडतोय. ज्या शब्दाला अर्थ नाही, कोशात जागा नाही, तोही व्याकरण पाळतो, याचं मला फार अप्रूप आहे.

विभक्ती लावताना सामान्यरूप दोन्ही भागांचं करा, प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय मात्र शेवटी एकदाच: कामाबिमासाठी, नोकरीबिकरीमुळे. 'काम-बिमासाठी' असं कोणी बोलत नाही.

क्रियापदावर लावलं की अर्थ बदलतो. नामात तो 'आणि तसलं काही' असा असतो. क्रियापदात शंका किंवा भीती येते: पडलाबिडला तर? रागावलाबिगावला तर नाही ना? म्हणून ही रूपं बहुधा प्रश्नात किंवा 'तर' बरोबर सापडतात. साध्या विधानात, "तो काल पडलाबिडला", असं वापरलं तर कानाला अपुरं वाटतं.

कुठे फसतं: मूळ शब्दच बि ने सुरू होत असेल तर. बिछाना, बिल, बिस्किट. नियम लावला की तोच शब्द परत येतो, प्रतिध्वनी तयारच होत नाही. तिथे सरळ 'वगैरे' वापरावं. ब ने सुरू होणाऱ्या बाकीच्या शब्दांना अडचण नाही: बाग-बीग, बटाटा-बिटाटा.

आणि सावधगिरी: माणसाच्या पदाला किंवा नावाला हा प्रत्यय लावला की हमखास अनादर होतो. "साहेब-बिहेब" ऐकणाऱ्याला लागतं. वस्तूंपुरता ठेवावा.

---

टापटीप

रानवारा, फार नेमकं लिहिलंत. एक विचारतो: शेजारीपाजारी, उलटसुलट, अघळपघळ, किडुकमिडुक, सटरफटर, अदलाबदल यांत बि नाही. हे त्याच जातीचे का?

---

रानवारा

व्याकरणात दोन्ही अंशाभ्यस्तच, म्हणजे शब्दाचा काही भागच पुन्हा येणारे. फरक असा की बि चा साचा चालू आहे, त्यात आज आलेला नवा शब्दही लगेच बसतो. शेजारीपाजारी, किडुकमिडुक हे घट्ट झालेले शब्द. त्यांचा साचा उचलून नवीन बनवता येत नाही. 'मित्रपित्र' म्हटलं तर कोणालाच कळणार नाही, 'मित्रबित्र' लगेच कळेल. हळूहळू, मधूनमधून असे पूर्ण दुहेरी ते पूर्णाभ्यस्त. आणि कडकड, खळखळ, किरकिर हे अनुकरणवाचक. त्यावर निळाईंनी लिहावं असं वाटतं.

---

निळाई

लिहिते. अनुकरणवाचक शब्द निवडताना तीन गोष्टी बघायच्या.

आवाज एकदा झाला की पुन्हा पुन्हा? एकदाच असेल तर -कन: टपकन, धपकन, टुणकन, खाडकन. सतत असेल तर दुहेरी: टपटप, धपधप. "थेंब टपटप पडला" हे म्हणूनच चुकीचं वाटतं. थेंब एक, तर टपकन.

वस्तू केवढी? किणकिण, खणखण, घणघण हे तीन शब्द ओळीने मोठ्याने म्हणा. पहिल्यात इकार, छोटी घंटी. दुसऱ्यात अकार आणि कठोर ख, नाणं किंवा धातूची पट्टी. तिसऱ्यात मृदू घ, देवळातली मोठी घंटा. स्वर पसरला आणि व्यंजन जड झालं की वस्तू मोठी होते. टप आणि धप यांतला फरकही तोच.

शेवटी प्रत्यय. -आट लावला की आवाजाचं किंवा उजेडाचं पुल्लिंगी नाम: कडकडाट, चिवचिवाट, किलबिलाट, लखलखाट. -ईत लावला की बहुधा स्पर्शाचं, दिसण्याचं किंवा चवीचं विशेषण: गुळगुळीत, बुळबुळीत, चकचकीत, मिळमिळीत. मूळ शब्द एकच असूनही अर्थ कुठच्या कुठे जातो: खडखडाट हा आवाज (आणि रिकामा डबाही), खडखडीत म्हणजे पूर्ण कोरडं.

लिहिताना चूक होते ती स ची. -ईत पुढे आला की स चा श होतो: भुसभुस पण भुसभुशीत, रसरस पण रसरशीत, तसंच लुसलुशीत, ठसठशीत, खुसखुशीत. आणि फक्त दुसऱ्या स चाच. पहिला जागेवर राहतो. 'भुशभुशीत' नाही.

---

टापटीप

मग जीभ अडखळवणाऱ्या वाक्यांबद्दल मी सांगतो. इथे मात्र अक्षर नव्हे, जिभेची जागा मोजायची.

"चटईला टाचणी टोचली" घ्या. ट ला जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं. इथला च दन्ततालव्य आहे, जीभ पुढे दातांमागे येते. नुसती ये-जा अवघड नाही. अवघड आहे तो क्रम: चटईत च-ट, टाचणीत ट-च, टोचलीत ट-च. जिभेने पहिल्या शब्दात एक चाल पकडली, आणि लगेच ती उलटी झाली. वाक्य पुन्हा म्हणताना ट-च वरून परत च-ट वर यावं लागतं, म्हणून पहिल्यांदा नाही, दुसऱ्या फेरीला गडबड होते.

"काळे राळे गोरे राळे राळ्यात राळे मिसळले" यात ळे-ळे ची लय लागते न लागते तोच 'गोरे' मधे रे येतो. शेवटी मिसळले: ळ आणि ले शेजारी शेजारी. बहुतेक जण इथे 'मिसळळे' म्हणतात, कारण आधीच्या ळ्यांची सवय सुटत नाही.

स्वतः रचायचं तर: जवळच्या जागेचे दोन ध्वनी निवडा (ट-च, र-ळ, ल-ळ, स-श). त्यांचा एक क्रम असलेले शब्द घ्या, मधे उलटा क्रम असलेला एक टाका. लांबी दहा ते पंधरा अक्षरं. याहून लांब झालं तर माणूस जिभेने नाही, दमाने आणि आठवणीने हरतो. नमुना:

चटक्यावर टाच, टाचेवर चटका.

क्रम च-ट, ट-च, ट-च, च-ट. शिवाय 'टाच'मधला च दन्ततालव्य, पण 'टाचे'मधला ए मुळे तालव्य होतो, म्हणजे जिभेला तिसरी जागा. एका दमात तीनदा म्हणायचं. तिसऱ्यांदाही कोणी सहज म्हटलं तर वाक्य सोपं आहे, बदलावं.

---

शाईदौत

च-ची भाषा कुणी नीट मांडेल का? मुलांना शिकवायची आहे.

---

कानामात्रा

शाईदौत, रीत ही: प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि सुरुवातीला च लावायचा. उद्या दुपारी बाहेर जाऊ: चद्याउ चपारीदु चहेरबा चऊजा. एकाक्षरी शब्दाला फक्त च: मी–चमी, तू–चतू. ऐकणाऱ्याने च टाकायचा आणि शेवटचं अक्षर पुढे आणायचं.

शिकवताना आधी दोन अक्षरी, मग तीन अक्षरी शब्द घ्या. चार अक्षरांना सुरुवातीला हात लावू नका. मुलं अडतात ती दोन ठिकाणी. प्रकाश–चकाशप्र: शेवटी आलेला प्र तोंडात नीट उमटत नाही, तिथे अ स्पष्ट म्हणायला सांगा. तेच घर–चरघ चं: बोलताना शेवटचा अ गळतो, 'चरघ्' ऐकू येतं. दुसरं, अंगण–चगणअं. अनुस्वार पहिल्या अक्षराबरोबर गेला पाहिजे. मुलं तो मागे सोडतात आणि चंगणअ करतात. अनुस्वार अक्षराला चिकटलेला आहे हे एकदा फळ्यावर दाखवलं की पुरतं.

---

शाईदौत

उपयोगी आहे, आभार. बिनकान्याची वाक्यंही घ्यायची आहेत, पण ती सगळी आज्ञाच का होतात? "मदन, झटपट चल, पण दगड बघ." याहून वेगळं काही जमत नाही.

---

उलटसुलट

कारण मराठीत क्रियापदाचं जवळजवळ प्रत्येक रूप काना, मात्रा किंवा वेलांटी घेऊन येतं: जातो, गेली, आहे, करणार. काहीच न घेणारं हाती राहतं ते बहुतेक एकवचनी आज्ञार्थ: चल, बस, बघ, कर, धर, सरक, पळ. विभक्तीप्रत्ययही जवळपास सगळे गळतात. म्हणून नाव हाकेपुरतं (मदन, कमल, पवन), कर्म प्रत्ययाशिवायचं (घर, दगड, गवत), क्रियाविशेषणं भरभर, झटपट, लवकर. आज्ञेतून सुटायचं तर क्रियापदच गाळा: "गरम हवं"सारखं नको, त्यात अनुस्वार, "घर जवळ, पण चढ अवघड" हे चालतं. वर्णन होतं, आज्ञा नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे निरोष्ठ (ओठांचे वर्ण नसलेली) रचना: प, फ, ब, भ, म टाळायचे, काटेकोर खेळात व, उ, ऊ, ओ, औ सुद्धा. संस्कृत लेखक दंडीच्या दशकुमारचरितात मंत्रगुप्त ओठ दुखावल्यामुळे आपली सगळी हकीकत ओष्ठ्य वर्णांशिवाय सांगतो. मराठीत पहिला बळी जातो 'मी' चा, मग आम्ही, तुम्ही, आपण, पण. काटेकोर नमुना: "आज सकाळी ती नदीत शिरली नि काठाशी आली." तपासायला ओठांत पातळ काडी आडवी धरून वाक्य म्हणा. ओठ काडीवर मिटले की वर्ण सापडला.

---

टापटीप

भेंड्यांचा एक प्रश्न राहिला. शब्दांच्या भेंड्यांत कोणी 'जवळ' किंवा 'अंगण' म्हटलं तर पुढच्याने काय करायचं? ळ-ण ने शब्दच नाहीत.

---

कानामात्रा

खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवून घ्या. ळ ला ल आणि ण ला न घ्यायचं, हे बरं. ठरवलं नाही तर कोणीतरी चार फेऱ्यांत सगळ्यांना बाळ, फळ, वेळ, कोण यांवर बाद करतो. दीर्घ-ह्रस्वाची सूटही तेव्हाच जाहीर करा: नदी आल्यावर 'दिवस' चालेल की 'दीप'च हवा? मुलांबरोबर सूट द्यावी, मोठ्यांत काटेकोर ठेवावं. काटेकोर खेळात 'णी', 'ळी', 'ळू' यांनाही तोच ल-न चा नियम लावा, नाहीतर 'पाणी' म्हणून कोणीही डाव जिंकेल.